औषध मारलेली बाग

शेणाच्या वासाची मला कधी किळस आली नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन टाकीत ढवळलं की हाताचा वास साबणानंही जायचा नाही. सासूबाई नाक मुरडायच्या, पण मला त्याचं काही वाटायचं नाही.

भूमच्या पुढं माळावर आमची वाइनच्या द्राक्षांची बाग. बारीक मणी, जाड साल, आत मोठी बी. घरात कुणी दारूला शिवत नाही, पण माल सगळा वायनरीला जातो. फवारणीनं आमच्या ह्यांच्या हाताची सालं निघायला लागली, तेव्हा आम्ही दोघांनी रासायनिक औषधं सोडायची ठरवली. थोरले दीर लगेच हो म्हणाले. सेंद्रिय म्हटलं की लोक बाग बघायला येतात, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्या वर्षी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि आभाळ हटेना. पानांवर केवडा रोग आला. वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी. आम्ही रोगट पानं खुडून पोती भरायचो आणि लांब नेऊन पुरायचो. तेवढ्यात लोहाऱ्याच्या नणंदेचं ऑपरेशन निघालं आणि हे तिकडं गेले.

दुसऱ्या सकाळी बागेत शिरले आणि वास आला. गोडसर, घशात जाऊन बसणारा. लग्न होऊन आले तेव्हापासून तो माझ्या ओळखीचा होता. टाकीपाशी गेले. शेणकाल्याच्या त्याच टाकीत औषध कालवलं होतं, फाडलेलं पाकीट अजून वर तरंगत होतं. मी बांधाकडेला जाऊन ओकले.

दीर मोटारीच्या खोलीपाशी चहा पीत बसले होते. मी विचारलं, तर म्हणाले, "बाग वाचली का न्हाय? मग झालं की."

हे परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते मान खाली घालून म्हणाले, दादापुढं काय बोलू. त्या रात्री त्यांना जेवायला वाढतानासुद्धा मला नको झालं होतं. पुढंही मधूनमधून बागेत तो वास यायचा. तोडणी जवळ आली तरी यायचा.

तोडणीच्या वेळी वायनरीनं पुण्याची पाहुणेमंडळी आणली. कडक इस्त्रीचे कपडे घालून दीर पुढं झाले. मातीला हात लावून नमस्कार केला, विषाचा थेंब नाही म्हणाले आणि घड तोडून वाटायला लागले. "धुवायची गरज न्हाय, असंच खावा." एका बाईनं मणी ओढणीला पुसला आणि कडेवरच्या मुलीच्या तोंडाजवळ नेला.

मी तिच्या हातातून घड काढून घेतला. म्हटलं, "ताई, खाऊ नका. याच्यावर औषध मारलंय."

दीर हसले, आमच्यात अशी चेष्टा चालते म्हणाले. दुसरं कुणी हसलं नाही. ती बाई मुलीचे ओठ पुसत राहिली. मंडळी जेवायलाही थांबली नाहीत.

वायनरीचा माणूस मात्र मागं राहिला. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "वहिनी, हे आजच बोलायला पाहिजे होतं का? थोडंफार सगळेच मारतात." दिरांनी निदान चोरून तरी केलं होतं. ह्याला चोरायचीही गरज वाटत नव्हती. त्याची मला जास्त शिसारी आली.

माल वायनरीनं नेला. सेंद्रिय म्हणूनच नेला.

दीर माझ्या हातचं खाईनासे झाले. तेव्हा कुठं ह्यांनी तोंड उघडलं आणि आपला तुकडा वेगळा मागितला. वरचा खडकाळ मिळाला, घर मात्र एकच राहिलं. तिथं आम्ही औषध मारत नाही. मागच्या हंगामात केवड्यानं बरीच बाग खाल्ली. उरली तेवढी तोडली.

वायनरीनं दिरांना एक बाटली भेट पाठवली, तिच्यावर सेंद्रियचं हिरवं पान छापलंय. पिणारं कुणी नाही, म्हणून ती बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलीय. बाकीचं कपाट मी पुसते. तो कप्पा पुसत नाही.