कीबोर्डावर टाकलेला दुपट्टा

लॅपटॉपच्या कळांखाली दिवे असतात आणि ते बॅटरी खातात, हे कळल्याबरोबर मी कीबोर्डावर माझ्या खांद्यावरचा दुपट्टा टाकला. झाकला की उजेड वाचला, असं माझं शास्त्र. थोड्या वेळाने पाहतो तर खालून धग मारतेय, आतला पंखा घरघरतोय आणि बॅटरी साठावरून एकोणतीसवर!

थंडीचे दिवस, संध्याकाळीच घरात अंधार. लाइन दुपारपासून गेलेली. कपाशीचं बियाणं अळी न लागणारं, बीटीचं घेतलं होतं, पण अळीला ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. बोंड फोडावं तर आत गुलाबी पाहुणी हजर. नुकसानीचा ऑनलाइन अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. शेत बायकोच्या नावावर, राबणारीही तीच; मी शाळेतला कारकून. नांदुऱ्याला जाऊन भरून आणू, असं ती सकाळीच म्हणाली होती. "घरी लॅपटॉप असताना रांगेत काऊन उभं राहायचं?" ही फुशारकी माझी.

लॅपटॉप पुण्यातल्या मुलीचा जुना, नेट माझ्या मोबाइलचं. तिला फोन लावला.

"बाबा, झाकल्यानं दिवा बंद होतो का? फंक्शनची कळ धरा अन् वरच्या रांगेतली दिव्याची दाबा."

वरच्या रांगेत दिव्यासारखी चित्रं दोन-तीन. एक दाबलं, पडदाच काळवंडला. दुसरं दाबलं, कळा आणखी लखलखल्या. पुन्हा दाबलं तेव्हा कुठे विझल्या. पण आता ए कुठे नि एस कुठे, काही दिसेना. पेटवल्या तर बॅटरी जाते, विझवल्या तर अक्षर जातं. असं चारदा झालं.

"पेटवता काय, इझवता काय!" बायको कडाडली. "बाराच टक्के राह्यले. टायपिंगची परीक्षा पास हाय म्हून माह्या बापानं तुम्हाले पोरगी देली. त्या मशीनले का दिवे होते?"

दिवे विझवले, मान वर केली. बोटं आपोआप जागेवर बसली. गट नंबर तिला तोंडपाठ. ती सांगत गेली, मी बडवत गेलो. अर्ज गेला. पडद्यावर आलेला नंबर मी मोठ्याने वाचला, तिने तो पेनाने तळहातावर लिहून घेतला आणि लॅपटॉपने मान टाकली.

"झालं ना घरच्या घरी?" मी छाती काढून विचारलं.

ती तळहातावर फुंकर मारत म्हणाली, "हाव. आता साहेब पाहणीले येतीन, तवा मीच बोलीन. तुम्ही फकस्त चहा मांडजा."