परवानगीशिवाय उतरलेला गडी

“शेखभाई, सरपंचांचं नाव घ्या की!”

कबड्डीची फायनल नुकतीच सुरू झाली होती आणि दत्तूआप्पा पुन्हा माझ्या टेबलापाशी आले होते. दत्तूआप्पा स्पर्धेचे आयोजक, मी समालोचक. शिरूरच्या स्टँडवर गाड्यांची अनाउन्समेंट करता करता माझा आवाज तालुक्याला पाठ झाला, आणि सुट्टीच्या दिवशी लोक मला कॉमेंट्रीला नेऊ लागले. काम दोन प्रकारचं. मैदानात काय चाललंय ते मागच्या माणसाला सांगायचं, आणि मधे मधे स्टेजवरच्या मंडळींची नावं घ्यायची. दुसरं जास्त अवघड.

गाव भीमाकाठचं. नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जेवायला बोलावतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा नव्यानं आल्या होत्या.

“घेतलं की, आप्पा. सरपंच सुलोचनाबाई म्हणालो.”

“आवो, त्या न्हाई. बबनराव! त्ये बघा, मधल्या खुर्चीत.”

बबनराव म्हणजे सुलोचनाबाईंचे मालक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“सरपंच तर बाई आहेत ना?”

“त्या सहीपुरत्या. तुमी आपली कबड्डी बोला. राजकारन नगं.”

मला काय, मी बोललो. “गावचे सरपंच, माननीय बबनराव!” बबनरावांनी चारी दिशांना हात जोडले. शाळेच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून कुणीतरी मोठ्यानं “च्च!” केलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

समोर शिक्रापूरकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांचा संघ होता. खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी पोरं, शिफ्ट संपवून आलेली, पण पकड अशी की गडी जागेवर रुतायचा. गावचा संघही तोडीस तोड. शेवटाकडे दोघांचे गुण सारखे झाले. माझा आवाज बसायला आला होता आणि लोक झाडांवर चढले होते.

तेवढ्यात गावच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा मुरगळला. चढाईपटू म्हणजे दम धरून समोरच्या अंगणात घुसणारा. तो लंगडत बाहेर आला, आणि बाहेर बसलेला राखीव गडी, किसन, कुणालाही न विचारता आत घुसला. थेट चढाईवर! दोघांना शिवून, मधली रेषा ओलांडून परत. मैदान नुसतं पेटलं. मीही ओरडलो, “किसनऽऽ! दोन गुण!”

आणि पंचांनी शिट्टी मारली. चढाई रद्द.

झालं. “पंच फुटला!” लोक दोरी ओलांडून आत आले. कारखान्याची पोरं एकमेकांना पाठ लावून उभी राहिली. दत्तूआप्पांचा चेहरा पांढराफटक.

“शेखभाई, कायतरी बोला! दगडं चालत्याल!”

मी माईक तोंडाशी धरला. “मंडळी, शांत व्हा! पंच बरोबर आहेत. राखीव गड्याला पंचांच्या परवानगीशिवाय मैदानात उतरता येत नाही. नाव एकाचं आणि खेळतोय दुसराच, हे कबड्डीत चालत नाही!”

शप्पथ सांगतो, माझ्या डोक्यात फक्त किसन होता.

ओट्यावरून एका म्हातारीचा आवाज आला. “आन् पंचायतीत चालतंय व्हय रं?”

मग बायकांतून जे हसू फुटलं ते पुरुषांत पसरलं, झाडावर चढलं, पंचांपर्यंत गेलं. मारायला निघालेली माणसं पोट धरून खाली बसली. हसणाऱ्या माणसाला दगड उचलता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बबनराव मात्र तरातरा खाली आले. “माइकवरून माफी मागा. आत्ताच्या आत्ता!”

“कशाची?”

“राजकारन केलं त्याची!”

आता माझ्या अंगातही ते हसू शिरलं होतं. मी घसा साफ केला. “एक खुलासा. मघाशी सांगितलेला नियम फक्त कबड्डीचा आहे. तो ग्रामपंचायतीला लागू नाही, असं सांगण्याची मला सूचना झाली आहे.”

दत्तूआप्पांनी कपाळावर हात मारला. बाकी गावाचं काय झालं ते लिहून सांगता येणार नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. किसननं या वेळी पंचांसमोर हात वर केला, परवानगी घेतली. मी म्हणालो, “किसन आता रीतसर मैदानात!” लोकांनी शब्द उचलला. “रीतसर! रीतसर!” त्या गजरात किसन गेला, एकाच गड्याला शिवला आणि सुटून आला. गाव एका गुणानं जिंकलं.

बक्षीस द्यायला बबनराव उठले, तर गजर पुन्हा सुरू. “रीतसर! रीतसर!” या वेळी किसनसाठी नव्हता. बबनराव उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. तोवर बायका सुलोचनाबाईंना घेऊन आल्यासुद्धा. बाई शाळेमागं खेळाडूंचा स्वयंपाक करत होत्या. कोपरापर्यंत पीठ. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, काय चाललंय ते.

किसननं बाईंच्या हातून बक्षिसाची ढाल घेतली आणि वाकून नमस्कार केला. मी माईक पुढं केला. बाईंनी आधी हात पदराला पुसले.

“मला भाषान येत न्हाई. पोरं चांगली खेळली, दोन्ही बाजूची.” मग ओट्याकडं बघून म्हणाल्या, “उद्या सकाळी मी पंचायतीत बसनार हाय. ज्यांच्या आळीला पानी न्हाई त्यांनी या.”

एवढंच. जेवायला मात्र दोन्ही संघांना त्यांनीच वाढलं, आणि मला म्हणाल्या, “शेखभाई, घसा बसलाय. ताक घ्या.”

नंतर काय झालं? मला दोन स्पर्धांतून काढलं. कारण, “तुमी राजकारनावर बोलता.” आणि दुसऱ्या पाच ठिकाणांहून बोलावणं आलं, तेही त्याच कारणासाठी. एक पुढारी तर स्टँडवर येऊन हळूच म्हणाला, “आमच्या विरोधकावर बसंल असा एखादा नियम हाय का?” मी त्याला न्हावऱ्याची गाडी कुठं लागते ते सांगितलं.

त्या गावानं पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. मधल्या खुर्चीत सुलोचनाबाई. बबनराव शेवटच्या खुर्चीत, शर्ट तसाच कडक. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “भाई, माजंबी नाव घ्या. सरपंचांचे मालक म्हना. त्ये तर खरं हाय ना?”

घेतलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

समालोचकानं खेळापुरतं बोलावं, हे मला आजही मान्य आहे. फक्त नियम समजावून सांगताना ओट्यावर कोण बसलंय ते आधी बघून घ्यावं. आणि मग जरा मोठ्यानं सांगावा.