टोपी मागे ओढा

आमचे हे कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले, तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनी मला बजावलं होतं की आता ते स्वयंपाकघरात लुडबुड करणार. यांनी तसं काही केलं नाही. यांनी बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं इटालियन लढाऊ विमान बांधायला घेतलं.

सगळं विमान नाही. संगणकावर विमान उडवायचा खेळ असतो, त्याला जोडायचा दांडा. वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मधे असतो ना, तो.

"इंग्रजांची, जर्मनांची सगळेच उडवतात," हे म्हणाले. "इटालियन कोण उडवतं?"

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असा प्रश्न एकाही मुलाने विचारला नव्हता.

दांड्यासाठी माझं मोठं लाटणं गेलं. पकड नेमकी तशीच हवी होती म्हणे. मी आठवडाभर पोळ्या पेल्याने लाटल्या. पायाशी, मधोमध खिळा ठोकून फिरती ठेवलेली एक फळी आली आणि तिच्या दोन टोकांना यांच्या जुन्या चपला ठोकल्या गेल्या. त्यात पाय घालून विमानाचं शेपूट वळवायचं.

इंटरनेटवर त्या विमानाची पुस्तिका मिळाली, अर्थात इटालियन भाषेतली. सुदैवाने खालच्या मजल्यावरच्या वहिनी बँकेतून निवृत्त झाल्यापासून इटालियन शिकत होत्या. त्यांची लेक तिकडे असते. त्या चष्मा, कोश आणि दीडशे पानांची वही घेऊन वर आल्या आणि गंभीरपणे वाचायला लागल्या.

"टोपी मागे ओढली की विमानाचं नाक वर जातं."

हे पेन खाली ठेवून म्हणाले, "कुणाची टोपी?"

"ते नाही दिलेलं. टोपी पुढे ढकलली की नाक खाली. टोपी उजवीकडे नेली की विमान उजवीकडे कलतं. आणि टोपीवरचं बटण दाबलं की बंदुका सुटतात."

"वहिनी, युद्धात डोक्यावरची टोपी ओढत बसायचं?"

"मी फक्त भाषांतर करते," वहिनी म्हणाल्या. "युद्धाचं मला विचारू नका."

शेवटी बाजूच्या चित्रावरून उलगडा झाला. इटालियन लोक त्या दांड्याला जो शब्द वापरतात, तोच बायकांच्या एका जातीच्या टोपीलाही आहे, आणि कोशात टोपी आधी दिली होती. पण तोवर उशीर झाला होता. आमच्या घरात त्या लाटण्याला मग कुणी दांडा म्हटलंच नाही.

टोपीला सायकलच्या ब्रेकसारखा एक खटका होता. तो दाबला की जमिनीवर धावणाऱ्या विमानाची चाकं थांबतात. यांनी खरोखरच सायकलचा खटका बसवला. बंदुकीसाठी बेलचं बटण आणलं, आणि ते चालतं की नाही हे बघायला आमच्याच दाराच्या बेलला जोडलं. आमची बेल पाखरासारखी चिवचिवते. शत्रूवर गोळीबार सुरू झाला की मी कणकेच्या हातांनी दार उघडायला धावायची. असं सहाव्यांदा झालं तेव्हा दारात खरंच कुणीतरी होतं. शेजारचे, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष.

"पक्षी पाळलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही, विमान आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. मग आत आले, यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. तक्रार करायला आले होते, ते जेवायच्या वेळेपर्यंत चिवचिवत होते.

मग रोज संध्याकाळी चौघं जमायला लागलो. सगळ्यांना विमान उतरवता यायचं, मी सोडून. माझं विमान जमिनीला टेकलं रे टेकलं की शेपूट वर करून नाकावर उभं राहायचं. चार दिवस झाले, तरी तेच.

"अहो बाई," अध्यक्ष म्हणाले, "उतरताय की नांगरताय?"

शेवटी यांनी खाली बसून माझ्या हाताकडे नीट पाहिलं. "अगं, तू हवेतच ब्रेक दाबून ठेवलायस! चाकं फिरणार कशी?"

खरंच होतं. इतकी वर्षं शाळेत स्कूटरने गेले, ती दोन बोटं ब्रेकवर ठेवूनच. पुण्यात ती उचलून चालतच नाही. मेंदूने सांगितलं तरी बोटं ऐकेनात. मी म्हणाले, "राहू दे, मला नाही जमायचं."

"का नाही जमायचं?" वहिनी खुर्ची सरकवून माझ्याजवळ बसल्या. त्यांनी माझी ती दोन बोटं चिमटीत धरली आणि वर उचलून ठेवली. "आता उतरा."

उरलेल्या बोटांनी मी टोपी धरली. जमीन जवळ यायला लागली.

"मागे, हळू, अजून मागे!" हे ओरडले.

चाकं टेकली. विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि धावायला लागलं.

"वहिनी, बोटं सोडा!" हे आणि अध्यक्ष एकदमच ओरडले.

वहिनींनी बोटं सोडली, मी खटका दाबला आणि विमान कुंपणाच्या अलीकडे सरळ, शहाण्यासारखं थांबलं.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला आमच्या इमारतीतल्या लोकांना दिवाळी अंकासारखी वर्षभर वाट बघावी लागते. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी उगाच चपलांमधले पाय हलवले.

हे चहा टाकायला आत गेले. वहिनींची पाळी होती, त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "बसा हो जरा," आणि पुन्हा उडाले.