पहिलीचा वर्ग कोण घेतं

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या निरीक्षण वहीतल्या सगळ्या पानांवर सह्या करून टाकल्या. तोवर एकही पाठ झालेला नव्हता. "असू द्या म्याडम, शेवटी घाई नको," असं म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि मोबाईलकडे वळले. वरून कुठलीतरी माहिती मागवली होती, ती अकराच्या आत भरायची होती. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजने तीन आठवड्यांसाठी या शाळेवर पाठवलं होतं. मागे बसायचं, शिक्षक कसं शिकवतात ते पाहायचं, लिहायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही, असा नियम. नांदेडहून सकाळची पॅसेंजर धरायची, उमरीला उतरायचं, ऑटो भरेपर्यंत ताटकळायचं, आणि एवढं करून पाहायला काय, तर मोबाईलवर वाकलेलं डोकं. अजून प्रार्थनासुद्धा झाली नव्हती आणि माझं डोकं तापलं होतं.

शाळा चौथीपर्यंतची, खोल्या दोन. कागदावर शिक्षकही दोनच, पण दुसऱ्या बाईंना दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेवर कामाला लावलेलं. सर तिसरी-चौथी घेऊन एका खोलीत बसत. पलीकडच्या खोलीतून एक खणखणीत आवाज यायचा आणि त्यामागून पहिली-दुसरीच्या वीसेक पोरांचा गलका. मला वाटलं, गावातली कुणी शिकलेली मुलगी ठेवली असेल. जाऊन पाहिलं तर चौथीतलीच एक पोरगी. दोन घट्ट वेण्या, हातात तुराटी. भिंतीवरच्या तक्त्यातल्या एकेका अक्षराला ती तुराटी टेकवायची, "क कमळाचा" म्हणायची आणि पोरं तिच्यामागे ओरडायची. एक जण खिडकीबाहेर बघत होता. तिने नुसती तुराटी वर धरली आणि तो वळला. कॉलेजात आमच्यापैकी एकालाही वर्ग असा मुठीत ठेवता येत नव्हता, मला तर नाहीच.

मी वही उघडली आणि लिहीत सुटले. फलकाचा वापर उत्तम, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम, वर्ग नियंत्रण अत्युत्तम. वर 'सहाध्यायी अध्यापन' असा भारदस्त शब्द ठोकून दिला. आठवड्याच्या शेवटी आमचे प्राध्यापक भेटीला आले, वही वाचून हरखले, त्या खोलीत जाऊन मोबाईलवर चित्रफीत काढली आणि ग्रुपवर टाकली. मग काय, कुणीही साहेब आला की सर त्याला आधी तिथेच नेऊ लागले. "या आमच्या छोट्या म्याडम," म्हणू लागले. पोरगी ताठ उभी राहायची. खोटं कशाला बोलू, मलाही आत गुदगुल्या व्हायच्या. हिला मी शोधलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी माझा तक्ता नेला. कॉलेजात शिकवलं होतं की अक्षरं नव्या क्रमाने घ्यायची, आधी म, मग क, मग ल. माझी चित्रकला बेताची, म्हणून नुसती अक्षरं आणि शब्द लिहिले होते. जुना तक्ता फाटला होताच, तो काढून माझा लावला आणि मागे जाऊन बसले. तिने तुराटी 'म'वर टेकवली आणि म्हणाली, "क कमळाचा." पोरं म्हणाली, "क कमळाचा." पुढच्या अक्षरावर "ख खटाऱ्याचा." मला आधी हसू आलं. वाटलं, सवयीने चुकली असेल. पण ती शेवटच्या ओळीपर्यंत तशीच गेली, एकदाही न अडखळता, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मधल्या सुट्टीत मी तिला तिचंच चौथीचं पुस्तक वाचायला दिलं. तिने घडाघडा वाचलं. फक्त ती वाचत होती तो धडा त्या पानावर नव्हता. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिचा पाठ झालेला होता. मी मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिने बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे आमचं झालं न्हाई अजून."

मी तडक सरांकडे गेले. मनात जेवढं साठलं होतं तेवढं सगळं बोलून टाकलं. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुम्हाला काय वाटलं, मला म्हाईत न्हाई?" ते म्हणाले. "दुसरीत होती तवापासून ती खोली सांभाळून राहिली. तिला इकडं बसवतो की, पण मग तिकडची पोरं भायेर जातेत, रस्त्याला वाळूचे टिप्पर येतेत. सांगा, कुणाला उभं करू तिथं?"

त्यांचं खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. माणूस आळशी निघाला असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. पुढच्या वर्षी पोरगी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार होती. तिथे तिला कोण छोट्या म्याडम म्हणणार होतं? तिथे पहिल्या दिवशी पुस्तक हातात देतील आणि वाच म्हणतील.

"मग ती खोली मी घेते," मी म्हणाले.

"तुमचे आठच दिवस राहिले की."

"आठ तर आठ."

दुसऱ्या दिवसापासून ती चौथीत बसली, अगदी कडेला. सर फळ्यावर उतारा लिहून द्यायचे आणि माहिती भरायला बसायचे. ती रांगोळी काढावी तसा तो उतारा वहीत काढायची. वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं, आणि त्यातला एक शब्द तिला लागत नव्हता. हे तीन वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून मी चरफडत होते. माझ्याही दहा दिवस आलं नव्हतं, हे सोयीस्कर विसरून.

खिचडी झाल्यावर मी तिला झाडाखाली घेऊन बसायची. तीन अक्षरांच्या आणि एका कान्याच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. इथे मी दुसरा घोळ घातला. भर अंगणात, सगळ्या शाळेसमोर, मी तिला 'म' शिकवत होते. दोन दिवसांत पहिलीतलं एक पोरगं नळापाशी म्हणालं, "छोट्या म्याडमला वाचाया येत न्हाई." बाकीची हसली. तिने ताट धुतलं आणि आत गेली. मला ताबडतोब जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्यानंतर आम्ही खोलीत दार लोटून बसू लागलो, पण बूंद से गयी ती गेलीच.

सहाव्या दिवशी तिने 'मला' हा शब्द वाचला. अक्षरं जुळवून, कुणी न सांगता. मी टाळी वाजवली. तिने चिठ्ठी खाली ठेवली आणि विचारलं, "बास का आता?"

शेवटच्या दिवशी ती ऑटोपर्यंत मला सोडायला आली. आठवडाभर आपण होऊन ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, म्हणून मी आशेवर होते.

"म्याडम, सोमवारी तुम्ही न्हाई ना येणार?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "नाही गं."

"मग पहिलीवर मीच ना?"

काय सांगायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. चौथीत बस, जागची हलू नकोस, सरांनी उठवलं तरी उठू नकोस. पण ती वीस पोरं आणि तो रस्ताही माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि सोमवारी मी नांदेडला कॉलेजात असणार होते.

"हो," मी म्हणाले. "तूच."

त्या तीन आठवड्यांत माझ्याकडे पाहून ती पहिल्यांदाच हसली.