नाव घेतल्याबिगर कागद नाही

मले हे लिहायचं नव्हतं. भाचा अमरावतीले वकील झाला आणि आपल्या बैठकीत माह्या गोष्टी सांगून लोकांले हसवतो. आता म्हणतो, "मामा, तुमीच लिहून द्या, मी अर्ध्या विसरतो." अर्ध्या म्हणजे कोणत्या, तं ज्यांत हसू येत नाही त्या. म्हणून लिहितो. माही शाळा अमरावतीच्याच कचेरीत बस्त्यांवरची नावं चाचपत झाली तेवढीच. चुका काढणाऱ्यानं वाचू नये.

दफ्तरखान्यातल्या गोष्टी रुमालात बांधलेल्या कागदांसारख्या असतात. एकावर एक चढत जातात. खालची वाळवी खाते, आणि वरची ओढावी तं सगळा ढीग डोक्यावर येतो.

मी दफ्तरी होतो. रुमाल बांधायचे, सोडायचे, झटकायचे. माह्यावर मुनशी, देशावरून आलेला. फारकतीची नक्कल पाहिजे असली की लोक त्याच्यापुढे अर्ज घेऊन येत. आमच्याकडे नवराबायकोचं तुटलं की पंचांसमोर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी मोडतात. त्याचा कागद कचेरीत आणताना काडीचे दोन तुकडे सुतानं कागदालेच बांधून देत. मुनशीले त्याचा भारी राग. "ही कचेरी आहे की चूल?" म्हणे. मले मात्र बरं होतं. रुमाल दाबला आणि काडी बोटाले लागली, की समजावं आत कोणाचा संसार मोडून पडला आहे.

*

लोकांले साल माहीत नसे. नांदगाव पेठचा एक म्हातारा आला, लेकीच्या फारकतीची नक्कल मागत.

मुनशी म्हणाला, "साल कोणतं?"

"ढवळ्या बैल साप चावून मेला, ते."

मुनशीनं लेखणी खाली ठेवली. मग मीच बाहेर गेलो. लिंबाखाली त्या गावचे पाचसात जण बसले होते, त्यांले विचारलं. कोणी म्हणे ढवळ्या गारपिटीच्या आधी मेला, कोणी म्हणे नंतर. दुपारपर्यंत मारामारीची पाळी आली, पण साल निघालं. कागदही सापडला.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, लेकीची आठवण आली असल. तं म्हणतो, "लय गुणाचा बैल होता, बाप्पा."

*

मग तिकडे समुद्रापल्याड कुठं लढाई लागली आणि इकडे आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. जो तो गाद्या उसवून रुई विकत होता. एक बाप तं लेकीले लग्नात दिलेली गादी परत मागायले व्याह्याच्या दारी गेला. व्याही म्हणाला, "गादी नेता तं लेकबी न्या."

त्यानं दोन्ही नेल्या. तो कागद मीच रुमालात बांधला.

आमच्या मुनशीनंही टेकायचा सरकारी लोड घरी नेऊन मोकळा केला. दोन दिवसांनी लोड परत आला, होता तसाच गरगरीत. कशानं भरला, कोणी विचारलं नाही. मी रोज झटकत होतो. आत कडकड वाजे. मले वाटे, हलक्या रुईत सरकी राहिली असल.

*

कापूस महागला तसं कापडही महागलं. वरून हुकूम आला, नवे रुमाल मिळणार नाहीत, दोन बस्ते एकात बांधा. मी फारकतीचे कागद बेवारशी मढ्यांच्या पंचनाम्यांत बांधले. जागा तिथंच होती.

परतवाड्याचा एक जवान गडी आला. दुसरं लग्न ठरलं होतं, पोरीच्या बापाले पहिलीची फारकत पाहायची होती. मुनशीनं त्याच्या नावाचा कागद काढला आणि वाचायले लागला. विहीर, बाईचं मढं, अंगावर हिरवं लुगडं. मध्येच थांबून म्हणाला, "हा चुकून आला. दुसरा काढ रे."

गडी म्हणाला, "चुकला नाई, मुनशीबाप्पा. तारीख पाहा. सकाळी काडी मोडली, दुपारी हे."

मुनशीनं कागदावरची तारीख पाहिली. मग विचारलं, "नक्कल कोणत्या कागदाची देऊ?"

*

हिवरखेडची गंगू त्याच हंगामात आली. तिच्या नवऱ्यानं, किसननं, तिले पांढऱ्या पायाची ठरवून काडी मोडली होती. तिनं सीतारामाशी पाट लावला. बापाचं काळं वावर तिले आलं, कापूस फुटला, आणि किसनले बायको आठवली. काडी मोडलीच नाही म्हणाला, आणि माही बायको पळवली म्हणून सीतारामावर फिर्याद ठोकली. पंच होते, ते किसनच्या पंगतीले बसले. आता सीतारामाले वाचवणारा एकच कागद होता, आणि तो आमच्याकडे.

आमच्या वह्या नवऱ्याच्या नावानं लावलेल्या. मुनशी म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांग."

तिनं पदर ओढला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ?"

"फारकत झाली म्हणतेस ना? मग नवरा कुठला?"

"पंच म्हणते काडी मोडलीच नाई. मोडली नसल आन मी नाव घेतलं, तं पाप कोणाच्या माथी? कागद दावा. त्यात तुटलं असं लिवलं असल, तं घेते नाव."

"नाव घेतल्याबिगर कागद निघत नाही."

"कागद पाहिल्याबिगर नाव निघत नाई."

कचेरी हसली. मी किसनचं नाव सांगून पाहिलं, तं मुनशी म्हणाला, "अर्ज तुझा आहे का? की किसन तुझा नवरा?" पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाले लिहू?

ती तीनदा आली. पायी. तिसऱ्यांदा ती गेल्यावर मी दार लावून तिच्या फारकतीच्या सालचे सगळे रुमाल दाबून पाहिले. शेकडो कागद, आणि एकही काडी हाताले लागली नाही.

*

खटल्याच्या दिवशी साहेबानं स्वतः कागद मागवला. मुनशी म्हणाला, "दफ्तरीने कुठे टाकला त्यालाच ठाऊक." माह्या कमरेचा सरकारी पट्टा त्या दिवसापुरता काढला आणि मले कचेरीसमोर उन्हात उभं केलं. खिडकीतून आतलं दिसत होतं.

साहेबानं गंगूले विचारलं, हा फिर्यादी तुझा कोण? तिनं पदर मागे सारला. सरळ किसनकडे पाहिलं आणि साऱ्या कचेरीले ऐकू जाईल असं म्हणाली, "हा किसन्या? किसन्या माहा कोणीच नाई."

आत बसलेल्या बायांनी तोंडाले पदर लावले. म्हातारे माना हलवायले लागले. आमच्या मुलखात यापरीस मोठा पुरावा नाही. किसन खाली पाहत होता.

मग साहेबानं सीतारामाकडे बोट दाखवलं. हा कोण? याचं नाव सांग.

तिनं पदर पुन्हा पुढे ओढला, मान खाली घातली. "हे," म्हणाली. तेवढंच.

मुनशीनं साहेबाले समजावून सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं: बाई फिर्यादीला नावाने ओळखते, आरोपीचे नाव तिला सांगता येत नाही.

सीतारामाले एक वर्ष झालं. वर्ष पुरं झालं नाही. जेलात पटकी आली, तिसऱ्या दिवशी गेला.

*

लढाई थांबली आणि कापूस मातीमोल झाला. मुनशीनं गाठोडंभर रुई आणली, मले म्हणाला, "महादू, लोड उसव. आता जरा मऊ बसू."

मी टाके उसवले. आतून काड्या निघाल्या. दोनदोन तुकडे, सुतानं बांधलेले, कागदासकट. चौथा कागद हाती आला तो मी अक्षर अक्षर जुळवत वाचला. हिवरखेड. किसन. गंगू. पाट लागायच्या दोन वर्षं आधीचा.

मुनशी म्हणाला, "मोडलेल्या संसारांचे कागद. म्हटलं, कोण मागायला येणार?"

मी तो कागद अंगरख्यात घातला आणि हिवरखेडले चालत गेलो. गंगू वावरात पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होती. मी उभ्यानं वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. सूत तोडून काडीचे तुकडे काढले, ढिगावर टाकले, आणि विचारलं, "लोडाले टेकून बसे, त्या मानसाचं नाव काय जी, दादा?"

मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून.

तो मेला नाही. अमरावतीलेच असतो. भाच्याच्या बैठकीत मधल्या लोडाले टेकून बसतो आणि माह्या गोष्टींवर सगळ्यात मोठ्यानं हसतो. मले उन्हात उभं केल्याची माफी त्यानं अजून मागितली नाही. भास्करपंत मुनशी.