धाकट्याच्या नावे अर्ज

निजामाच्या अमलात मी सेलूत मोठ्या माणसांना मराठी लिहायला शिकवायचो. शाळेत सगळं उर्दूत, म्हणून आमचा वर्ग संध्याकाळी, कापसाचं जिनिंग सुटल्यावर, एका दुकानाच्या ओट्यावर भरे. मिशा पिकलेली माणसं अक्षरं भराभर शिकली. घोडं अडलं ते मनातलं लिहिताना.

'आपलं गाव' यावर चार ओळी लिहा म्हटलं, तर पाट्यांवर उमटलं, 'हुजूर, फिदवी अर्ज करतो की, आमचे गाव लहान आहे.' फिदवी म्हणजे आपला ताबेदार. शेवटी 'मेहेरबानी व्हावी.' बैलावर लिहा म्हटलं तरी तेच! मी डोक्याला हात लावला. पण हे येतं कुठून, याचं कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. विचारत गेलो तेव्हा कळलं, यांनी जन्मात कुणाला कागद लिहिताना पाहिलं ते तहसील कचेरीपुढं पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनविसालाच. लिहायचं ते असंच, अशी त्यांची पक्की समजूत.

मग मी त्या हुजुरांच्या हात धुऊन मागे लागलो. महिन्याभरात सगळ्यांचे हुजूर गेले, एकट्या पेडगावच्या धनगराचे राहिले. तो हंगामापुरता जिनिंगवर मजुरीला आला होता. मेंढा चोरून विकल्याचा आळ घेऊन त्यानं धाकट्या भावाला घराबाहेर काढलं होतं. भाऊ परभणीला एका दुकानात राबत होता. पुढं कानाच्या खुणेवरून मेंढा दुसऱ्याच्या कळपात सापडला. दोन वर्षं झाली, भावाला ते सांगणं झालं नव्हतं.

"अर्जनविसाकडून लिहून घ्या की," मी म्हटलं.

"त्येच्याम्होरं कसं सांगू मास्तर? लय लाज वाटायलीय."

अखेर त्यानं पत्र लिहून आणलं. वर ठळक 'हुजूर'! मी भडकलोच. "अहो, थोरल्यानं धाकट्याला हुजूर म्हणायचं?" म्हणत काट मारली.

त्यानं माझा हात धरला. "बाकीच्यांचं चुकलं आसंल मास्तर. मी अर्जच करायलोय."

मला माझीच शरम वाटली. त्यानं दुसऱ्या कागदावर पुन्हा सगळं लिहिलं, मी बोटही लावलं नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ओळीखाली बोट फिरवत त्यानं ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

'दादा, मेंढा सापडल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस, याची वाट बघायलो होतो.'