नसीमकडे मॉनिटरच नाही

गेल्या महिन्यात शहागंजला नसीमकडे गेले होते. गेले म्हणजे जावंच लागलं... जिच्यावर मी वर्षभर मनातल्या मनात जळतेय, तिच्याच दारात मदत मागायला उभं राहायची वेळ आली.

नसीम माझी विद्यार्थिनी. आम्हा दोघींनाही कमी दिसतं. पडद्यावरची अक्षरं बोराएवढी केली की मला वाचता येतात, तिला फक्त उजेड-अंधार कळतो. विकतची सॉफ्टवेअर परवडेनात, म्हणून मी जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, ओपन सोर्सवाल्यांची फुकटातली साधनं शिकले, आणि मग तिला शिकवली. कुठली बटणं दाबली की कॉम्प्युटर बोलायला, पडद्यावरचं वाचून दाखवायला लागतो, हे तिला पहिल्यांदा मीच सांगितलं.

आणि आता? आम्ही दोघी एकाच संस्थेच्या मीटिंगची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देतो. माझी फाइल रखडते, बाईसाहेबांची चहा निवायच्या आत गेलेली असते. ग्रुपवर संस्थेच्या मॅडम लिहितात, "नसीमकडून शिका जरा." मी खाली मुकाट अंगठा टाकते आणि इकडे दातओठ खाते. तिला शिकवलं कोणी, हे कोणी विचारतच नाही...

तर त्या दिवशी मी अपडेट टाकला आणि अक्षरं मोठी करणारं माझं भिंग गायब झालं. सगळ्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. शॉर्टकट दाबून दाबून बोटं दुखली. सेटिंगमध्ये जावं, तर तिथलंच वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी फाइल द्यायची होती. या वेळी उशीर झाला तर पुढचं सगळं काम नसीमला देणार, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा बाहेरगावी. फोनवर म्हणाला, "अगं, नसीमला विचार ना." म्हणजे घरातही तीच!

शेवटी लावला फोन. "फोनवर नाय जमणार ताई, मशीनच घेऊन या," म्हणाली. जुन्या साडीत सीपीयू गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि निघाले. मॉनिटर कशाला न्यायचा, तिच्याकडे असेलच की...

तिच्या भावाच्या दुकानावरचा जिना चढून गेले तर खोलीत अंधार. आतून मात्र कीबोर्डचा खडखडाट चालू.

"लाईट गेली का गं?"

"नाय ताई, लाईट हाय. मला कशाला लागते?" ती हसली आणि माझ्यासाठी बटण दाबलं.

मी टेबलापाशी वाकून बघितलं. सीपीयू, कीबोर्ड, दोन स्पीकर. बास. मॉनिटर कुठंय, तर म्हणे भावाला दिला, त्यानं दुकानातल्या कॅमेऱ्याला लावला. "उगा जागा खात होता ताई."

खरं सांगते, इतका जळफळाट मला कधी झाला नव्हता. मी पडद्याला नाक लावून मान मोडून घेते, रोज डोळ्यांत थेंब घालते, आणि हिनं पडदाच घराबाहेर काढलाय! लोक दुसऱ्याच्या गाडीवर, फ्लॅटवर जळतात. मी एका नसलेल्या मॉनिटरवर जळत होते.

आणि आता माझं मशीन दिसणार कशावर? नसीमनं वायरी चाचपून जोडल्या, चालू केलं आणि कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला. "बोलतं करा."

"तू कर ना गं."

"नक्को ताई. तुम्हीच शिकवलं ना? मी चाय पिते."

शिकवलं होतं, पण स्वतः कधी वापरलं नव्हतं. मला दिसतं ना अजून, मग ते आंधळ्यांचं कशाला... असं मला वाटायचं. दाबली बटणं. मशीन भराभरा बोलायला लागलं आणि मला घाम फुटला. दोनदा चुकीच्या मेनूत गेले, एकदा तर बंदच करून बसले. नसीम बशीतून फुरके मारत होती. मदतीचा एक शब्द नाही. "घाई नको ताई, ऐका पुरतं," एवढंच.

शेवटी आवाज आला, "झूम, बंद." झूम म्हणजेच माझं भिंग. मी स्पेस दाबलं. "झूम, चालू."

झालं? पडदाच नाही, तर खात्री कशी करायची! मी तिला विचारलं, "खरंच झालं असेल का गं?"

"बोललं ना ते? मग झालं." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "ताई, एक बोलू? शिकवताना तुम्ही पडद्यावर बघून पटकन सांगायच्या, आन मी आपली चाचपडत बसायची. लई जळायची मी तुमच्यावर. घरी येऊन म्हणायची, हिच्या पुढं जाऊन दाखवीन."

मी म्हटलं, "गेलीस की."

"आता तुम्ही जळा ना," ती म्हणाली, "लई कामाला येतं."

घरी येऊन मॉनिटर जोडला. अक्षरं बोराएवढी! खुर्चीत बसून रडूच आलं. फाइल वेळेत गेली, काम वाचलं. मॅडमचा मेसेज आला, "छान, नसीमसारखंच." म्हणजे कौतुकसुद्धा तिच्याच नावानं...

तेव्हापासून रोज सकाळी थोडा वेळ मी पडदा बंद ठेवून काम करते. मान दुखत नाही. चुका ढीगभर होतात आणि नसीमचा वेग आठवून अंगाचा तिळपापड होतो.

नसीम, ही पोस्ट तुझं मशीन तुला वाचून दाखवेल, तेही भन्नाट वेगात. तुझे आभार. आणि अजूनही जळतेय मी तुझ्यावर... पण आता तुझ्यासारखी, काहीतरी शिकायला.